आधी पाणी, मग औषध



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची ही हकीकत आहे. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही साक्रिस्तीत पूजावस्त्रे उतरवीत होतो, तोच दाराशी एक दहा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. त्याच्या हातात दुधाचा स्टीलचा डबा होता आणि चेहऱ्यावर अशी काळजी होती, की घरी कोणीतरी अत्यवस्थ असावे असे आम्हांस वाटले. जवळ येऊन त्याने हळूच विचारले, "फादर, यात थोडे पवित्र पाणी घालाल का?"

डब्याचे झाकण काढून पाहिले तो आत एक गोल्डफिश, म्हणजे तो नारिंगी-सोनेरी शोभेचा मासा, एका कुशीवर कलंडून पडलेला. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. पाठीजवळचे दोन-तीन खवले निघाले होते आणि त्या जागी कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा पुंजका उगवला होता. कल्ले भराभर हलत होते, एवढीच काय ती जिवंतपणाची खूण. मुलाचे वडील मागे उभे होते. ते ओशाळून म्हणाले, "फादर, तीस रुपयांचा मासा. दुसरा आणून देतो म्हटले तर ऐकत नाही. पहिल्या कम्युनियनला त्याच्या मामाने दिला होता ना."

वडिलांचे बोलणे व्यवहाराचे होते. परंतु मुलाचा हट्टही आम्हांस खोटा वाटला नाही. जो जीव आपण होऊन घरात आणला, त्याची किंमत बाजारभावाने करावयाची नसते, हे त्या मुलास कोणी न शिकवता कळले होते.

पवित्र पाणी सिद्ध करताना त्यात मीठ मिसळण्याची ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे, आणि त्या मिठावरील प्रार्थनेत अलीशा संदेष्ट्याचे स्मरण केले जाते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ती कथा आहे. यरीहो नगराचे लोक अलीशाकडे गाऱ्हाणे घेऊन आले, की नगर चांगले आहे, परंतु पाणी वाईट आहे आणि जमीन फळत नाही. अलीशाने नव्या वाडग्यात मीठ मागवले, तो झऱ्याच्या उगमापाशी गेला, ते मीठ त्यात टाकले आणि देवाने हे पाणी बरे केले आहे असे लोकांस सांगितले. या कथेत ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी, की संदेष्टा घरोघर औषध वाटीत फिरला नाही. जेथून सारे पीत होते, त्या उगमापाशी तो आधी गेला.

ही कथा त्या मुलास थोडक्यात सांगून आम्ही म्हणालो, "बाळ, आशीर्वाद आपण देऊच. पण आधी तुझा मासा कोणत्या पाण्यात राहतो ते पाहू या."

दुपारी पाऊस थोडा ओसरल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर एका तिपाईवर माशांची काचेची पेटी होती. जेमतेम दहा लिटर पाणी मावेल एवढी. आणि त्यात एकूण चार मासे. तळाशी रंगीत खडे, मधोमध प्लास्टिकचा एक किल्ला, कोपऱ्यात हवेचे बुडबुडे सोडणारा लहानसा फिल्टर. सारे कसे लखलखीत होते. मुलाची आई म्हणाली, "फादर, दर शनिवारी मी पेटी पूर्ण रिकामी करते. खडे साबणाने घासते, स्पंज घासते, विहिरीचे ताजे पाणी भरते. इतकी स्वच्छता ठेवूनही मासे आजारी कसे पडतात?"

त्या माउलीच्या कष्टांत खोट नव्हती. परंतु दुखण्याचे मूळ नेमके त्या स्वच्छतेतच होते. हे वाचून आमच्या वाचक भगिनींस नवल वाटेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याचे उत्सर्जनही होते. त्याच्या शरीरातील अमोनिया नावाचे विषारी द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येते. उरलेले अन्न कुजले म्हणजे त्यातूनही तेच द्रव्य निर्माण होते. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असल्यामुळे ते पातळ होऊन जाते. दहा लिटरच्या पेटीत ते कोठे जाणार? यावर देवाने सृष्टीत एक सोय करून ठेवली आहे. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर डोळ्यांस न दिसणारे जीवाणू हळूहळू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते; आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे माशांस पुष्कळच कमी अपायकारक असते. नव्या पेटीत ही वस्ती नीट बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या घरी दह्याचे विरजण असते, तसाच हा प्रकार समजावा. विरजणाचे भांडे रोज उकळत्या पाण्याने धुऊन काढले, तर दही लागणार कशाने? ती माउली दर शनिवारी विरजण धुऊन टाकीत होती. रविवारपासून पेटीत पुन्हा अमोनिया साठू लागे, आणि शनिवारी सारे नव्याने. वर साबणाचा अंश राही तो निराळाच.

दुसरी गोष्ट विहिरीच्या पाण्याची. पावसाळ्यात पंचायतीचा माणूस येऊन विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकून जातो. पटकी-हगवणीपासून आपले रक्षण व्हावे म्हणून ते अवश्यच आहे. त्यास कोणी हरकत घेऊ नये. परंतु त्या पावडरीतून पाण्यात उतरणारा क्लोरीन माशांचे नाजूक कल्ले भाजून काढतो. असे पाणी रुंद तोंडाच्या उघड्या भांड्यात निदान चोवीस तास ठेवावे, शक्य तर त्यात हवेचे बुडबुडे सोडावेत, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीन मारण्याचे थेंब शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात.

तिसरी गोष्ट दाटीची. कोंदट जागी चार जीव कोंडले म्हणजे ते एकमेकांस टोचणारच. त्यात त्या प्लास्टिकच्या किल्ल्याच्या कडांवरून आम्ही बोट फिरवून पाहिले. त्या ब्लेडसारख्या धारदार होत्या. शेपटी तेथेच फाटली असणार. जखम किल्ल्याने केली; परंतु ती चिघळली ती पाण्यामुळे. चांगल्या पाण्यात अशी जखम पुष्कळदा आपोआप भरून येते. वाईट पाण्यात शेपटीच्या कडा पांढुरक्या होऊन झडू लागतात आणि उघड्या जखमेवर बुरशी धरते. तो कापसासारखा पुंजका बुरशीचाच होता.

आता उपचाराविषयी. सेमिनरीत असताना तेथील माशांच्या टाकीची देखभाल तीन वर्षे आमच्याकडे होती, आणि आरंभी आमच्या अज्ञानामुळे कितीतरी मासे मेले. त्या चुकांतून जे शिकलो तेच येथे सांगत आहोत.

आजारी माशासाठी प्रथम एक निराळे भांडे करावे. दहा-पंधरा लिटरची प्लास्टिकची बादली किंवा टब चालतो. मात्र त्यास साबण कधी लागलेला नसावा. त्यात क्लोरीन उडालेले, आणि पेटीतील पाण्याइतकेच कोमट अथवा गार असलेले पाणी घ्यावे. हवेचा पंप सोडावा. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांस सुमारे साडेसातच. म्हणून भांडे उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. वर जाळीचे कापड बांधावे, कारण अस्वस्थ मासा उडी मारतो.

माशास हाताने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा म्हणजे घाण नव्हे. ते त्याचे रोगापासून रक्षण करणारे कवच आहे. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा खरबरीत जाळीने ते पुसले जाते आणि रोगाला दार उघडते. एखादे वाडगे पाण्यात बुडवून त्यात मासा पाण्यासकट अलगद घ्यावा.

त्यानंतर मीठ. येथे अलीशाची कथा आठवून आम्हांस मौज वाटली, कारण गोड्या पाण्यातील जखमी माशास मिठाचा खरोखरच गुण येतो, आणि त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. अशा माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक क्षार असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरू पाहते आणि मासा ते बाहेर टाकण्यात शक्ती वेचीत असतो. त्वचा फाटली म्हणजे हे श्रम फार वाढतात. पाण्यात थोडे मीठ असले, की तो भार हलका होतो आणि वाचलेली शक्ती जखम भरण्याच्या कामी येते. साधे खडे मीठ घ्यावे. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, आणि दोन दिवसांत हळूहळू ३ ग्रॅमपर्यंत वाढवावे. म्हणजे दहा लिटरांस ३० ग्रॅम. अंदाजाने मूठ टाकू नये. किराणा दुकानातील काट्यावर तोलून पुड्या बांधून आणाव्यात. मीठ आधी तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवावे, मग ओतावे. पाणी उडून गेले तरी मीठ उडत नाही. म्हणून जेवढे पाणी बदलले तेवढ्यापुरतेच नवे मीठ घालावे. गोल्डफिशला एवढे मीठ सोसते. परंतु पाणवनस्पती त्याने कोमेजतात आणि मिशा असलेल्या, अंगावर खवले नसलेल्या माशांस ते बाधते, हे ध्यानात असावे.

या बादलीत जीवाणूंची वस्ती नसते. तेव्हा तिसरा हिस्सा पाणी रोज बदलणे भाग आहे. हेच खरे औषध, आणि हेच सर्वांत कंटाळवाणे. पुष्कळांस वाटते, की निळे-पिवळे काहीतरी बाटलीतून ओतले म्हणजे उपचार झाला. बुरशीवर मेथिलीन ब्लू नावाचे निळे औषध उपयोगी पडते हे खरे. परंतु ते वेष्टनावरील मापानेच आणि या निराळ्या भांड्यातच वापरावे. मुख्य पेटीत ओतल्यास ते उपकारक जीवाणूंसही मारते. घरात उरलेल्या माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या पाण्यात कुसकरू नयेत. अशा अर्धवट वापराने रोगजंतू त्या औषधांस जुमानेनासे होतात, आणि त्याचे फळ शेवटी माणसांसच भोगावे लागते. हळदीचा मोहही टाळावा. हळदीची पूड पाण्यात विरघळत नाही. तळाशी बसून पाणी मात्र गढूळ करते.

खाण्याचे म्हणाल, तर पहिले दोन-तीन दिवस काही दिले नाही तरी मोठा मासा उपाशी मरत नाही. पुढे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. चपातीचा तुकडा, भात, पाव हे घालू नये. आजाऱ्याने खाल्लेच पाहिजे हा आग्रह आपल्या घरांत मायेपोटी होतो. माशाच्या बाबतीत ती माया पाण्यात कुजते.

त्या मुलास आम्ही एक वही करावयास सांगितली. रोज सकाळी पाणी किती बदलले, मीठ किती घातले, मासा सरळ पोहतो की कलतो, आणि मिनिटास कल्ले किती वेळा हलतात, हे त्यात लिहावयाचे. वडिलांनी प्रथम हसून घेतले. तिसऱ्या दिवसापासून तेच घड्याळ हातात धरून बसू लागले असे पुढे कळले. आईने पेटीची पद्धत बदलली. आता आठवड्यास पाव हिस्सा पाणीच बदलावयाचे, आणि स्पंज साबणाने नव्हे तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावयाचा. किल्ला बाहेर गेला. पुढे मामांनी मोठी पेटीही आणून दिली.

सहाव्या-सातव्या दिवशी पांढरा पुंजका गळून पडला. मासा सरळ पोहू लागला. परंतु कथा येथे संपली नाही. बाराव्या दिवशी पेटीतील इतर तीन माशांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले.

हा रोग शोभेच्या माशांत फार आढळतो. तो एका सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो आणि त्याचे शास्त्रीय नाव इख्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस असे लांबलचक आहे. ग्रीक भाषेत इख्थुस म्हणजे मासा. आरंभीच्या ख्रिस्ती बांधवांनी आपल्या श्रद्धेची खूण म्हणून जो मासा कोरला, तोच हा शब्द. त्या नावाचा अर्थ माशावरची ऊ, पुष्कळ लेकरांची, असा होतो, आणि तो अगदी यथार्थ आहे. ठिपका दिसतो तेव्हा हा जीव माशाच्या त्वचेखाली दडलेला असतो आणि तेथे त्यास मीठ किंवा औषध पोचत नाही. पुष्ट झाला, की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिले होतात. ती बाहेर पडून नवा मासा शोधीत पोहू लागतात. एक-दोन दिवसांत मासा गाठता आला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते या पोहत्या अवस्थेतच. चोवीस-पंचवीस अंशांच्या पाण्यात हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. थंडीत त्यास अधिक दिवस लागतात.

याचा अर्थ असा, की ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला नव्हे. उलट, रोग त्या वेळी तळाशी बसून पिले वाढवीत असतो. आम्ही मुलास हे बजावले होते. परंतु पेटीत मीठ घातल्यावर चौथ्या दिवशी ठिपके गेले, मासे खेळू लागले, आणि घरात आनंदीआनंद होऊन मीठ बंद झाले. आठ दिवसांनी ठिपके परत आले, ते पूर्वीच्या दसपट. त्यांतील एक लहान मासा दगावला.

मुलाने तो परसात अबोलीच्या झाडाखाली पुरला. आम्ही गेलो तेव्हा तो न रडता म्हणाला, "फादर, वहीत मी चार दिवस काहीच लिहिले नव्हते." आम्ही त्यास रागावलो नाही. जे त्याने स्वतःशी कबूल केले होते, त्यावर आणखी काय बोलावयाचे? दुसऱ्या वेळी मात्र शेवटचा ठिपका गेल्यावरही पुरे दोन आठवडे त्याने मीठ चालू ठेवले आणि उरलेले तीन मासे वाचले.

येथे कोणी म्हणेल, की माशास काय कळते? तर २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट जातीच्या माशाच्या तोंडावर व डोक्यावर इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. ती जाणीव आपल्या वेदनेसारखीच असते काय, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु ज्यास इजा जाणवते त्यास उगाच इजा करू नये, एवढे कळण्यास वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच जो मासा बरा होणार नाही, त्यास जिवंतपणी गटारात सोडू नये, उन्हात तडफडत टाकू नये. पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. लवंगेच्या तेलाने आधी गुंगी आणून वेदनेवाचून शेवट करण्याची रीत त्यांस ठाऊक असते. तसेच नको झालेला मासा विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये. ती दया नव्हे; त्याचे रोग तेथील माशांस लागतात. आणि गोल्डफिश चार दिवसांचे खेळणे आहे असेही कोणी समजू नये. १९५६ साली इंग्लंडमधील एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आमचीच मान खाली जाते.

त्या घरी आम्ही तिसऱ्यांदा गेलो होतो. मुलाची वही तपासून, पेटीत डोकावून, समाधानाने निघणार, तोच आतल्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला. चुलीमागच्या कोपऱ्यात चटईवर मुलाच्या आजी पडून होत्या. खोकल्याची उबळ आवरून त्या हसत म्हणाल्या, "फादर, त्या माशाचं नशीब थोर बघा. महिना झाला मी खोकत्ये, पण माझ्या पाण्याची चौकशी कुणी केली नाही."

त्या विनोदाने बोलल्या. परंतु आम्हांस हसता आले नाही. तीन वेळा आम्ही त्या घराचा उंबरठा ओलांडला, आणि तिन्ही वेळा माशासाठी. महिनाभर आजी मिस्सेस दिसल्या नव्हत्या, आणि त्या का येत नाहीत हे विचारण्याचे आम्हांस सुचले नव्हते. त्यांस घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याचे कर्तव्य आमचे होते. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी दोन गोष्टी जवळजवळ सांगितल्या आहेत: त्यांस विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, हे एक, आणि प्राण्यांवर प्रेम करावे, परंतु जी माया केवळ माणसांच्या वाट्याची आहे ती त्यांच्याकडे वळवू नये, हे दुसरे. यांतील पहिली गोष्ट आम्ही मुलास शिकवीत होतो. दुसरी आजींनी आम्हांस शिकवली.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असला, की थुंकी तपासून घ्यावी, हा नियम आरोग्यसेविका गावोगाव सांगत असतात. दुसऱ्याच दिवशी मुलाचे वडील आजींस सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तपासणीत क्षयरोग निघाला. घरातील सर्वांचीही, मुलाचीसुद्धा, तपासणी झाली. देवाच्या दयेने इतर कोणास बाधा नव्हती. औषधे तेथे विनामूल्य मिळतात. ती सहा महिने रोज घ्यावयाची असतात. परंतु औषध सुरू होण्याआधीच मुलाने एक प्रश्न केला, तो आम्ही विसरणार नाही. "बाबा, आजी तिथं धुरात आणि अंधारात का निजते?" त्या दिवशीच आजींची खाट चुलीमागून उचलून ओसरीलगतच्या, दोन खिडक्यांच्या खोलीत आली. जेथे उजेड व वारा खेळता असतो तेथे या रोगाचा प्रसारही कमी होतो. मुलास आता हे सांगण्याची गरज नव्हती. आधी पाणी, मग औषध, हे तो शिकला होता.

दीड-दोन महिन्यांत आजींचा खोकला थांबला, अंगावर थोडे मांस आले, आणि त्या गोळ्यांस कंटाळल्या. "आता बरी आहे, उगाच पोटात विष कशाला?" असे म्हणू लागल्या. सुनेचे ऐकेनात, मुलाचेही ऐकेनात. तेव्हा नातवाने आपली वही आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि तो म्हणाला, "आजी, ठिपके गेले म्हणून आम्ही थांबलो होतो. मग काय झालं ते परसात जाऊन बघ." आजींनी निमूटपणे गोळी घेतली. तेव्हापासून त्याच वहीत माशांखाली दुसरा रकाना आखला गेला, आणि रोजची खूण आजी स्वतः करू लागल्या.

परवा त्यांचा सहावा महिना पुरा झाला आणि डॉक्टरांनी औषध थांबवण्यास सांगितले. त्या निमित्ताने घर आशीर्वादित करण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. गोल्डफिशची शेपटी पुन्हा वाढली आहे; एका बाजूस जरा आखूड राहिली, एवढेच. मुलाने आम्हांस जुन्या बोलण्याची आठवण करून दिली: "फादर, आशीर्वाद देऊच असे म्हणाला होता." आम्ही पवित्र पाण्याचा पहिला शिडकावा आजींच्या खाटेवर केला, दुसरा त्या काचेच्या पेटीवर. आजी म्हणाल्या, "आता क्रम बरोबर लागला."

वाचकहो, मासा आपल्या पेटीतून उठून चांगले पाणी शोधीत जाऊ शकत नाही. आपण देऊ ते पाणी, तेच त्याचे जग. आपल्या घरातही असे काही जीव असतात: पाळण्यातले मूल, अंथरुणास खिळलेला आजारी, कोपऱ्यात सरकवलेले म्हातारपण. त्यांस औषध आणून देऊन आपण मोकळे होतो. ते ज्या हवेत, ज्या अंधारात, ज्या बोलण्यात दिवस काढतात, तिकडे पाहावयाचे राहून जाते. आज संध्याकाळची रोझरी म्हणून झाली, की आपल्या घराच्या सर्वांत आतल्या खोलीत एकवार जाऊन यावे, आणि तेथे जे कोणी असेल त्यास विचारावे. आम्हीही या आठवड्यापासून मिस्सेस न येणाऱ्यांची यादी घेऊन निघणार आहोत. आमच्या हातून कोणाचे घर राहून गेले, तर आजींप्रमाणेच आम्हांस स्पष्ट सांगावे.